सेप्टिक टँक उपसायला उशीर केला की काय होतं

पाच माणसांच्या घराला केवढी सेप्टिक टँक पुरते? आयएस 2470 हे भारतीय मानक सांगतं: आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर. एवढी पुरते, पण दर दोन वर्षांनी उपसणार असाल तर. एकूण सव्वाअकराशे लिटर. आपल्याकडे मात्र एवढी लहान टाकी कुणी बांधत नाही. ‘एकदाच मोठी बांधू, पुन्हा बघायला नको,’ असं घरमालक म्हणतो, गवंडी मान डोलावतो आणि दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आठ फूट खोल खड्डा घेतला जातो. वर स्लॅब, स्लॅबवर फरशी, कधी तर जिन्याची पहिली पायरीच. मग ‘आमची टाकी पंचवीस वर्षांत एकदाही भरली नाही’ असं अभिमानाने सांगितलं जातं.

हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. अशा टाकीने काम करणं बहुतेक कधीच सोडलेलं असतं, आणि ती उपसायची वेळ येते तेव्हा कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. हे असं का होतं ते समजायला टाकीच्या आत काय चालतं ते आधी बघू.

पुराचं गढूळ पाणी कळशीत भरून रात्रभर ठेवलं की गाळ तळाशी बसतो, तसंच टाकीत होतं. संडासातून आलेलं पाणी इथे संथ होतं. जड भाग खाली बसतो, तो गाळ. तेलकट, हलका भाग वर तरंगतो, तो तवंग. मधे तुलनेने स्वच्छ दिसणारं पाणी राहतं. बाहेर जाणाऱ्या पाइपाला ‘टी’ (इंग्रजी T अक्षरासारखा पाइपाचा तुकडा) जोडलेला असतो आणि त्याचं खालचं तोंड या मधल्या थरात बुडलेलं असतं. त्यामुळे वरचा तवंगही बाहेर जात नाही आणि तळचा गाळही नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग पचवतात, त्यातून वायू निघतो आणि तो हवापाइपातून वर जातो. टाकी दोन हजार लिटरांपेक्षा मोठी असेल तर मधे आडभिंत घालून दोन कप्पे करायचे असतात, म्हणजे पहिल्या कप्प्यातली खळबळ दुसऱ्यात पोहोचत नाही.

यातून निघणारी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. चांगली चालणारी टाकी कायम भरलेलीच असते. नवी टाकी पाण्याने एकदा भरली की मग वरून एक बादली आली तर पलीकडून एक बादली बाहेर जाते. त्यामुळे झाकण उघडून ‘पाणी वरपर्यंत आलंय, म्हणजे टाकी भरली’ असं म्हणण्यात अर्थ नाही. भरत जातो तो गाळ. तो पाण्याची जागा खातो. मैला खाली बसायला निदान एक-दोन दिवसांचा निवांतपणा लागतो. गाळ वाढत गेला की हा अवधी घटत जातो, आणि शेवटी संडासातून आलेला मैला न थांबता पलीकडे निघून जातो. घरात याची कुणाला चाहूल लागत नाही. वास नाही, तुंबणं नाही. उलट सगळं फार छान चाललंय असं वाटतं.

पण पलीकडे टाकीतून आलेलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा असतो. त्याच्या भोवतालच्या मातीची छिद्रं या मैल्याने बुजत जातात. टाकीतला गाळ उपसता येतो, मातीची छिद्रं मोकळी करता येत नाहीत. खड्डा काही वर्षांत पाणी पिईनासा होतो आणि नवा खणावा लागतो. टाकी वेळेवर उपसायची ती मुख्यतः या शोषखड्ड्यासाठी.

वेळ कोणती हे कसं ठरवायचं? मानक हिशेबासाठी माणशी वर्षाला साधारण 75 लिटर गाळ धरतं. प्रत्यक्षात तो दबून कमीही भरतो, पण नियोजनाला हा आकडा बरा. पाच माणसांचे वर्षाला पावणेचारशे लिटर, दोन वर्षांत साडेसातशे. सव्वाअकराशे लिटरची टाकी तेव्हा दोन तृतीयांश गाळाने भरलेली असते. सरकारी मार्गदर्शनात दोन-तीन वर्षांचा कालावधी दिलेला असतो, तो अशा हिशेबातून आलेला आहे. आता ती दहा बाय सहा बाय आठची टाकी घ्या. तिच्यात बारा हजार लिटर पाणी धरलं तरी त्याच घराचा पंचवीस वर्षांचा गाळ नऊ हजारांच्या पुढे जातो. टाकी मोठी बांधली म्हणून गाळ कमी झाला नाही. उपसायचं काम पुढे ढकललं गेलं, एवढंच.

हिशेबापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे काठी. टाकीच्या तळापर्यंत पोहोचेल अशी लांब काठी किंवा पीव्हीसी पाइप घ्या. खालच्या टोकापासून तीन-चार फूट उंचीपर्यंत जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा. झाकण उघडून अर्धा तास तसंच राहू द्या, तोवर तिथे थांबू नका. मग बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळच्या तोंडातून काठी सावकाश तळाला टेकवा, दोन-तीन मिनिटं धरा आणि सावकाश वर काढा. टॉवेलवर जिथपर्यंत काळे, जाड कण चिकटलेले दिसतात तिथपर्यंत गाळ. पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश गाळ दिसला तर मैला ओढून नेणाऱ्या सक्शन गाडीची चौकशी सुरू करा. गाळ आणि तवंग मिळून अर्धी खोली झाली असेल तर त्याच महिन्यात उपसून घ्या. हे काम करताना उघड्या तोंडावर वाकायचं नाही, शेजारी दुसरा माणूस हवा, मुलं लांब हवीत आणि विडी-काडी पेटवायची नाही. हातमोजे घाला, काठी-टॉवेल पुन्हा कशाला वापरू नका. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, एवढं केलं तरी पुरे.

संडासाचं पाणी हळू उतरायला लागणं, खालच्या मजल्यावर गुडगुड आवाज येणं, शोषखड्ड्याजवळ ओल दिसणं, तिथलं गवत भर उन्हाळ्यात हिरवंगार राहणं, या खुणा खऱ्या आहेत. पण त्या दिसतात तोवर शोषखड्ड्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

आता उशिराचा सगळ्यात वाईट परिणाम. सक्शन गाडीचा पंप ओढतो तो पातळ गाळ. दोन-तीन वर्षांचा गाळ ढवळला की पातळ होतो, पाइपातून जातो. वीस-पंचवीस वर्षांचा गाळ तळाशी दबून घट्ट झालेला असतो, त्यात वाळू, कपडे, प्लॅस्टिक अडकलेलं असतं. गाडी वरचं पाणी ओढून घेते आणि खालचा थर तसाच राहतो. मग गाडीवाला म्हणतो, ‘साहेब, खालचं पाइपाने निघत नाही, माणूस उतरवावा लागेल.’ घरमालकाला काम संपवायचं असतं. दोनशे-पाचशे जास्त ठरतात आणि एक माणूस आत उतरतो. सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या कितीतरी अशाच क्षणी घडतात.

आत त्याला काय भेटतं? कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडलेल्या अंड्याच्या वासाचा. थोडा असतो तोवर वास येतो. प्रमाण हवेत दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की काही मिनिटांत नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा मोकळी झाली. याच्या दसपट प्रमाणात एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते. हा वायू गाळात अडकून असतो आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. म्हणून झाकण उघडं ठेवून तासभर वाट बघितली तरी आत उतरून फावडं मारलं की मरण समोर येऊ शकतं. तोंडाला रुमाल बांधून किंवा दवाखान्यातला मास्क लावून हा वायू अडत नाही. कंदील किंवा मेणबत्ती सोडून ‘हवा बघणं’ तर दुहेरी धोक्याचं. माणूस मरेल एवढ्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये ज्योत खुशाल जळत राहते, आणि मिथेन साचला असेल तर भडका उडतो. हा मिथेन थोडाथोडका नसतो. इंग्लंडात एक्झिटर शहरात 1895-96 च्या सुमारास डोनाल्ड कॅमरॉन यांनी बांधलेल्या सेप्टिक टँकच्या वायूवर दिवे लावले होते, आणि 1897 च्या सुमारास आपल्या माटुंग्याच्या कुष्ठरोग आश्रमातही मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरला जात होता.

अशा दुर्घटनांत एकामागून एक माणसं जातात, याचं कारण माया आहे. एक कोसळतो, भाऊ धावतो. तो कोसळतो, शेजारी उतरतो. कुणी आत पडलं तर काहीही झालं तरी मागून उतरू नका. 101 किंवा 112 ला फोन करा, सगळी झाकणं उघडा, टेबल फॅन किंवा ब्लोअरने बाहेरची हवा आत मारा, तो शुद्धीवर असेल तर दोर टाका. श्वसनाचा सिलेंडर लावलेले अग्निशमनचे जवानच आत जाऊ शकतात.

कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा सुरक्षेची साधनं आणि खबरदारी यांच्याशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा ठरवतो. तो नगरपालिकेला, कंत्राटदाराला आणि घरमालकालाही लागू आहे; सोसायटीने काम दिलं असेल तर सोसायटीलाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर 2023 च्या निकालात तीस लाख केली. ‘तो स्वतःहून उतरला’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. मला विचाराल तर घरगुती टाकीत माणूस उतरवण्याची वेळ कधीच येऊ नये, कारण ती टाळणं पूर्णपणे घरमालकाच्या हातात आहे. टाकी वेळेवर उपसली की गाळ पातळ राहतो आणि पाइपानेच निघतो. गाळ आधीच घट्ट झाला असेल तर वरूनच जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तो फोडून पुन्हा सक्शन लावायला सांगा. जेटिंग मशीन असलेली गाडी मागवा, दोन खेपांचे पैसे द्या.

गाडी मागवताना नगरपालिकेकडेच आधी विचारा. सफाई मित्र सुरक्षा योजनेचा 14420 हा क्रमांकही त्यासाठी आहे. खासगी गाडी असेल तर दोन गोष्टी आधी बोलून घ्या: आत कुणी उतरणार नाही, आणि मैला कुठे नेणार. उपसताना टाकी धुऊन लख्ख करायला लावू नका. तळाशी थोडा गाळ राहिला तर त्यातलेच जिवाणू पुढचं काम सुरू करतात. उपसून झालं की टाकी लगेच साध्या पाण्याने भरून घ्या. प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या टाकीला हे फारच महत्त्वाचं, कारण जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी अक्षरशः वर उचलली जाते. याच कारणाने भर पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नये. कोकणात जुलैमध्ये संडास तुंबला की लोक गाडी बोलावतात, चार दिवस बरं वाटतं आणि टाकी पुन्हा काठोकाठ. तिथे दोष टाकीचा नसतो. जमीनच पाण्याने भरलेली असते, शोषखड्ड्याने ते पाणी सोडायचं कुठे?

जमिनीचा प्रकार इथे फार बोलतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाणी मुरतच नाही. पावसात ती फुगून आणखी घट्ट होते. तिथे खोल खड्ड्यापेक्षा उथळ, लांब शोषचर खडी भरून करावे लागतात. कोकण-गोव्याच्या जांभ्यात उलटी अडचण. जांभ्याला भोकं असतात, पाणी सरसर जातं, शोषखड्डा कधी तुंबत नाही आणि सगळे खूश. पण ते पाणी मातीतून गाळलं न जाता थेट विहिरीकडे जाऊ शकतं. टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळलेलं असलं तरी त्यात रोगजंतू जिवंत असतात; त्यांचा बंदोबस्त मातीने करायचा असतो. म्हणून शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर लांब हवा, जांभ्यात त्याहूनही जास्त आणि उताराच्या खालच्या अंगाला. विहीर आपली असो की शेजाऱ्याची. शंका असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करा. पाणी तपासायची एचटूएस बाटली मिळते, तीत विहिरीचं पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर मैल्यातले जंतू असण्याची दाट शक्यता.

शहरांत आणि तालुक्याच्या गावांत तर बहुतेक टाक्यांना शोषखड्डाच नसतो. पाइप सरळ उघड्या गटारात सोडलेला असतो. अशी टाकी कितीही नेमाने उपसली तरी अर्धंच काम झालं. अंगणात जागा असेल तर शोषखड्डा करून घ्या.

ग्रामीण भागात नवं घर बांधणाऱ्याने सेप्टिक टँकच हवी का, हाही विचार करावा. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणारे संडास घडवले, तीच दृष्टी दोन शोषखड्ड्यांच्या संडासामागे आहे. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यात दीड-दोन वर्षांत कोरडं खत होतं. गाडी नको, वायूची भीतीही फार कमी. पाण्याची पातळी खोल असेल आणि जमीन मुरणारी असेल तिथे मला हा पर्याय सेप्टिक टँकपेक्षा चांगला वाटतो.

टाकीत काय जाऊ द्यायचं याचं उत्तर सोपं आहे: मलमूत्र आणि पाणी. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले टिश्यू, केस, तळणीचं तेल, रंगाचा थिनर यांतलं काहीही नाही. पावसाचं पाणी नाही. मोरीचं आणि धुण्याचं पाणी शक्यतो वेगळं ठेवून परसातल्या केळीला, अळूला द्या. संडास धुताना वापरलेल्या थोड्या अॅसिडने किंवा फिनेलने टाकी मरत नाही, बाटलीच्या बाटली ओतली तर जिवाणूंना फटका बसतो. फ्लशची टाकी झिरपत असेल तर आधी ती दुरुस्त करा, कारण रात्रंदिवस वाहणारं ते पाणी गाळाला बसूच देत नाही.

‘ही पावडर टाका, टाकी कधी उपसावी लागणार नाही’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. लागणारे जिवाणू मैल्यातूनच रोज येत असतात. नवी टाकी सुरू करताना पाणी भरून थोडं कुजलेलं शेण घालण्याची मानकात सूचना आहे, ती ठीक. पण वाळू, राख आणि न पचणारा भाग कुठल्याच पावडरीने नाहीसा होत नाही.

हवापाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि फाटली की बदला. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्ये हजारोंनी वाढतो. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली भागात हा रोग अजून आहे, आणि आरोग्य कर्मचारी घरोघर या जाळ्या बांधायला सांगतात ते उगाच नाही.

गाडी मैला कुठे नेते हे विचारा असं वर म्हटलं, त्याचं कारण उघड आहे. रात्री ओढ्यात किंवा कुणाच्या शेतात ओतलेला मैला म्हणजे गावाने आपलाच रोग आपल्याला परत दिला. कच्च्या मैल्यात जंतांची अंडी महिनोन् महिने टिकतात. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर नगरपरिषदांनी 2018-19 च्या सुमारास वेगळी वाट धरली. कुणी तक्रार करायची वाट न बघता गाडी वॉर्डावॉर्डातून फिरते, तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी उपसली जाते, खर्च करातून भागतो आणि मैला थेट प्रक्रिया केंद्रात जातो. ठरलेल्या वेळी सगळ्यांच्या टाक्या उपसल्या की गाळ घट्ट होत नाही, दरवेळी घासाघीस होत नाही आणि माणूस उतरवण्याचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक नगरपरिषदेने हे करावं असं मला मनापासून वाटतं, आणि वॉर्डसभेत मागायची गोष्ट म्हणूनही ती चांगली आहे.

तोवर आपल्या घरापुरतं एक काम करून ठेवा. टाकीचं झाकण फरशीखाली गेलं असेल तर गवंडी बोलावून दोन तोंडं करून घ्या, एक आत येणाऱ्या पाइपावर आणि एक बाहेर जाणाऱ्या. टाकीला दोन कप्पे असतील तर प्रत्येक कप्प्यावर एकेक तोंड येईल असं बघा. स्लॅब फोडताना आत वाकू नये, ठिणग्या उडवणारं कटर चालवू नये आणि झाकण निघाल्यावर टाकी आधी मोकळी हवा खाऊ द्यावी. झाकणं घट्ट बसणारी, लहान मुलाला उचलता न येणारी असावीत आणि त्यांवर गाडी उभी करू नये. मग घराच्या भिंतीवर, मीटरच्या पेटीजवळ, ऑइल पेंटने लिहून ठेवा: झाकण या कोपऱ्यापासून किती फूट, टाकीची लांबी-रुंदी-खोली किती, आणि शेवटची उपसली ती तारीख.